वधूपित्याची सही

रिचमंड हिल, १४ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र कागदपत्रांच्या कामाचं आहे, म्हणून तरी तुम्ही ते वाचाल. ख्यालीखुशाली विचारत नाही. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही रिसीव्हर मामानच्या हातात देता, आणि मग ती बिचारी आई म्हणते, "बाबा म्हणतात, काही काम असेल तर लिहून पाठव." माझं लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. घ्या, लिहून पाठवते. पत्राचा फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या तवक्कोलींना पाठवीन, ते छापून घरी आणून देतील. (आगा तवक्कोली, सलाम. तुम्ही वाचणार हे मला ठाऊक आहे. वाचा, पण गल्लीत वाटू नका.)

काम असं. तुमच्या नातीचा, तरलानचा, इराणी पासपोर्ट काढायचाय. तिच्याकडे कॅनडाचा आहे, पण बाप इराणी म्हणून आपल्या कायद्याला ती इराणीच, तेव्हा परक्या पासपोर्टवर तिला येता येणार नाही. पासपोर्टसाठी हवं शेनासनामे, म्हणजे तिच्या जन्माच्या नोंदीचं आपलं पुस्तक. शेनासनाम्यासाठी आमचा निकाह इराणात नोंदलेला हवा. आणि निकाह नोंदायचा तर हवी वधूच्या बापाची संमती, सहीशिक्क्यानिशी.

मी सदतीस वर्षांची वधू आहे, बाबा. गुडघे दुखतात माझे.

इथं कॅनडात आपली वकिलात नाही. सगळं सरहद्दीपलीकडच्या आपल्या दफ्तरात पाठवायचं आणि मग फोन लावून बसायचं. आज दुपारी एकदाचा एक माणूस सापडला. तो म्हणाला, "खानूम, तुमचा पहिलाच निकाह ना? मग वडिलांची संमती पाहिजे. वडील हयात आहेत का?"

मी म्हटलं, "हो, देवाच्या दयेनं."

"अरेरे," तो म्हणाला. "नसते तर मृत्यूचा दाखला चालला असता. तो लगेच मिळतो."

त्याला वाईट बोलायचं नव्हतं. तो खरंच माझं काम सोपं करायला बघत होता. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून इतकी हसले की तरलान धावत आली.

मामानच्या डोळ्यांबद्दल मला माहीत आहे. ती सांगते, "थोडं धुकं आहे." डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय आणि उन्हाळ्यापर्यंत काय उरेल ते डॉक्टर सांगत नाहीत, हे मला तिनं नाही सांगितलं. तिच्या इथल्या व्हिसाला दोनदा नकार आला. तिनं नातीला पाहिलंय ते फक्त हाताएवढ्या फोनवर. आता ती फोन नाकाला लावून बघते, आणि आम्हाला दिसतो फक्त तिचा कान.

मजकुराचा नमुना सोबत जोडलाय. तुम्ही फक्त सही करायचीय.

गोलनूश


रिचमंड हिल, ५ नोव्हेंबर, म्हणजेच १४ आबान

बाबा,

तुम्ही माझं पत्र तपासून परत पाठवलंत! लाल शाईनं!

"सौर तारीख नाही." बरं, या वेळी घातली आहे. "शेनासनामे हे पुस्तक नव्हे, दस्तऐवज होय." बरं. "गुडघ्यांचा उल्लेख विषयाला सोडून." तरलान तुम्हाला आगाजून म्हणते. विचारत होती, आगाजूननी तुला किती मार्क दिले? तिला वाटलं, तुम्ही शाळेतले सर आहात.

आणि नमुन्याच्या खाली, तुमच्या त्या मोत्यांसारख्या अक्षरात, एक ओळ: "सदर तारखेस माझी संमती नव्हती. नसलेली संमती होती असं मी लिहू शकत नाही."

मी ती ओळ माझ्या नवऱ्याला, आयदिनला, वाचून दाखवली. तो त्या दिवशी घरी होता, बूट काढत होता. म्हणाला, "बरोबरच आहे की. नव्हतीच." आणि उठून आंघोळीला गेला. मला दोघांनाही एका खोलीत कोंडून कुलूप लावावंसं वाटतं.

अडतीस वर्षं तुम्ही निकाहाचं दफ्तर चालवलंत. बापाच्या सहीशिवाय आलेली किती जोडपी परत पाठवलीत, मी पाहिलंय, मी शाळेतून येऊन त्याच जिन्यावर दप्तर टाकायची. एकदा एक मुलगी जिन्यातच बसून रडत होती. मामाननं तिला लिंबाचं सरबत नेऊन दिलं, आणि तुम्ही आतून म्हणालात, "सरबत दे, पण सांग, बाप आल्याशिवाय वही उघडणार नाही." तुम्ही कधी कुणासाठी खोटी ओळ लिहिली नाहीत, हे सगळं शिराझ सांगतं. आता स्वतःच्या मुलीसाठी कशी लिहाल? कळतं मला ते. कळतं म्हणूनच जास्त डोकं फिरतं! तुम्ही नुसते हट्टी असता तर मी सरळ भांडले असते.

दरम्यान तरलानचे फोटो नापास झाले. तोंड मिटलेलं हवं, दात दिसतात म्हणे. मी फोन केला. "आगा, तिला पुढचे दातच नाहीत. सहा वर्षांची आहे. जे दिसतंय ते भोक आहे." तो म्हणाला, "मग भोक दिसतंय. तोंड मिटून काढा." काढले. आता ती फोटोत तुमच्यासारखी दिसते. खोटं नाही सांगत. ओठ घट्ट, भुवया खाली, जणू समोरच्याच्या कागदात चूक सापडलीय.

एक फोटो पाठवतेय. मामानला दाखवू नका, तिला दिसणार नाही आणि ती दिसल्याचं सोंग करील. तुमच्यासाठी आहे.

गोलनूश


रिचमंड हिल, ३ डिसेंबर, १२ आझर

बाबा,

तवक्कोलींनी तुमचा निरोप पाठवला. एवढ्या मोठ्या कागदावर एवढंसं वाक्य: "ज्याला मुलगी हवी आहे, तो मागायला येतो."

आठ वर्षांनी, बाबा? आमच्या घरात त्या माणसाचे मोजे पलंगाखाली पडलेत, त्याची मुलगी पहिलीत आहे, आणि तुम्हाला तो मागणी घालायला यायला हवाय?

मी आयदिनला फोन केला. तो ट्रक घेऊन विनिपेगच्या वाटेवर, बर्फात अडकून एका पेट्रोलपंपावर सूप पीत होता. मी वाक्य वाचलं. पलीकडे नुसता चमच्याचा आवाज.

मग म्हणाला, "तुझ्या बाबांना सांग, अठरा चाकांचा ट्रक मी बर्फातून उलटा लावतो. पण हे मला जमणार नाही."

"का नाही जमणार?"

"आधी एकदा फोन केला होता मी. गावाचं नाव ऐकलं, 'अर्दबीलचा ट्रकवाला' म्हणाले आणि ठेवून दिला. मी इंजिनियर आहे हे सांगायलाही वेळ दिला नाही."

"आता तर ट्रकच चालवतोस."

"तेच तर," तो म्हणाला. "तेव्हा ते खोटं होतं. आता खरं आहे."

मी फोन ठेवला. कधी बोलू नये हे मला कळतं, ते मामानकडून आलंय.

संध्याकाळी त्याचाच फोन. "त्यांना फुलं कसली आवडतात?" मी म्हटलं, "त्यांना काही आवडत नाही. मामानला निशिगंध आवडतो, वासाचा." तो म्हणाला, "बरं झालं. वास तरी येईल तिला."

तर ऐका. या शुक्रवारी, तुमच्या दुपारच्या जेवणानंतर, आमच्या सकाळी, तो व्हिडिओवर येईल. तवक्कोली त्यांचा मोठा टॅब घेऊन तुमच्याकडे बसतील. फुलं आणि मिठाई त्यांच्याच हाती येईल, पैसे पोचलेत. तुम्ही चांगला कोट घाला. आणि कृपा करून त्याला "ट्रकवाला" म्हणू नका. तो आहे, पण तुम्ही म्हणू नका.

गोलनूश


रिचमंड हिल, ९ जानेवारी, १९ दै

बाबा,

महिना झाला. तुम्ही म्हणालात, "मला विचार करू द्या." विचार करायला महिना लागतो? तुमच्या दफ्तरात लोक अर्ध्या तासात जन्माची गाठ बांधून जायचे!

त्या दिवशी तुम्हाला पडद्यावर जे दिसलं नाही ते सांगते. आयदिनच्या अंगात लग्नातला कोट होता, पण तो आता पोटावर लागत नाही, म्हणून मागची शिवण उसवून मी तिथं चिमटे लावले होते. टेबलाखाली त्याचा उजवा पाय सारखा हलत होता. चहाचा ट्रे वधूनं आणायचा, तर मी उठले, पण तरलाननं तो माझ्या हातातून घेतला आणि फोनसमोर नेऊन ठेवला. "आगाजून, घ्या." निम्मा चहा बशीत. तुम्ही पलीकडून खरंच हात पुढे केलात. तवक्कोलींनी पाहिलं, मी पाहिलं. मग तुम्ही तो हात कोटाच्या बटणाकडे नेलात.

आणि मग तुमची उलटतपासणी. काय करता? ट्रक चालवतो. शिक्षण? पूल बांधायचं. मग पूल का बांधत नाही? "इथले पूल इथलेच लोक बांधतात, आगा. मी त्यांवरून जातो." मामान हसली. तुम्ही नाही.

"त्या वेळी तुमच्या घरचं कुणी माझ्या दारात का आलं नाही?" तुम्ही विचारलंत. हा प्रश्न तुमच्या पोटात आठ वर्षं होता, होय ना?

आयदिननं शांतपणे सांगितलं. आई आधीच गेलेली. वडील अर्दबीलला अंथरुणाला खिळलेले, त्यांना उठवायला दोन माणसं लागायची. "भावाला म्हटलं, तू जा शिराझला. तो म्हणाला, ज्या घरानं फोन आपटला तिथं मी जाऊन काय करू. वडील त्याच हिवाळ्यात वारले." त्यानं अंगातला कोट सारखा केला. "त्यांना यायचं होतं. कोट काढून ठेवला होता त्यांनी."

ते तुम्हाला माहीत नव्हतं. मला दिसलं तुमच्या चेहऱ्यावर.

तेवढ्यात मी काही बोलायला पडद्यावर आले, आणि तुम्ही मान वळवून खिडकीचा पडदा नीट करायला लागलात. मी निमूट बाजूला झाले. मग तुम्ही तरलानला जवळ बोलावलंत. "तू सांग. हा माणूस कसा आहे?"

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण घोरतो. आणि परत जाताना नेहमी दोनदा बाय करतो."

तुम्ही तिला विचारलंत, "दोनदा का?"

"एकदा दारात, एकदा ट्रकमधून."

"मला विचार करू द्या," म्हणालात आणि उठलात. मामाननं मला नंतर सांगितलं की निशिगंध तुम्ही स्वतः पाण्यात ठेवलात. चांगलं आहे. पण फुलांचा शिक्का चालत नाही, बाबा! मामाननं परवा चहा कपाबाहेर ओतला. ती हसत हसत सांगत होती. मला हसू येत नाही आता.

गोलनूश


रिचमंड हिल, १७ फेब्रुवारी, २८ बहमन

बाबा,

तुम्ही सही केलीत. तवक्कोली म्हणाले, तुमच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाच्या दफ्तरात गेलात, त्यानं उठून खुर्ची दिली, तुम्ही घेतली नाही, रांगेत उभे राहिलात. मी तो कागद हातात घेऊन खूप वेळ बसले होते, हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

मग मी तो पाठवला. आणि मग फोन आला.

"खानूम, इथं तुमच्या वडिलांनी नमुना बदललाय. लिहिलंय, 'आजच्या तारखेस संमती देतो.'"

"हो."

"म्हणजे आजच्या आधी संमती नव्हती."

"नव्हती."

"मग मुलगी सहा वर्षांची कशी?"

"आगा, जशा सगळ्या मुली होतात तशीच!"

तो खोकला. म्हणाला, नमुन्याप्रमाणे नवा कागद आणा. मी ओरडले, बाबा. एकीकडे तुम्ही खरं लिहिल्याशिवाय सही करणार नाही, दुसरीकडे तो खरं लिहिलेलं घेणार नाही, आणि मधे मी, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात तरलानचा डबा. मी त्याला म्हटलं, "माझे वडील आणि तुम्ही एकमेकांशी लग्न करा, मी संमती देते." तो हसला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

रागातच मी सगळं तवक्कोलींना लिहिलं. तुम्ही चौथ्या दिवशी माझ्याकडे दोन पानं पाठवलीत, पण थेट त्या दफ्तराच्या नावानं. मी ती उघडून वाचली, माफ करा. कलमं, जुने निवाडे, सगळं. आणि दुसऱ्या पानावर: "नंतर दिलेली संमती मागे मूळ करारापर्यंत पोचते, आणि ती पहिल्या दिवसापासून होतीच असं धरलं जातं."

हे कायद्यात आहे? खरंच आहे? मग तुम्ही आठ वर्षं काय करत होतात?

काल पुन्हा फोन आला. "खानूम, तुमचे वडील कोण आहेत? आमचे साहेब तो कागद घेऊन टेबलाटेबलावर फिरतायत. मंजूर आहे." निकाह नोंदला, शेनासनामे महिन्याभरात येईल. मी बरबरी रोटी आणायला निघाले होते, ती न आणताच परत आले.

आता राहिली एक सही. पासपोर्टसाठी मुलीच्या बापाची परवानगी. आयदिन काल त्या कागदासमोर बसला. "मी, सदर मुलीचा पिता, तिच्या परदेशी जाण्यास..." एवढं वाचून त्यानं पेन खाली ठेवलं. त्याच्या फेऱ्या ठरलेल्या, त्याला येता येणार नाही, आम्ही दोघीच येऊ. तो म्हणाला, "तिथं गेल्यावर काही झालं तर? परत येता आलं नाही तर?" मी म्हटलं, "सही कर." तो म्हणाला, "करतोय. थांब जरा." उठला, पाणी प्यायला, गच्चीत जाऊन आला. परत बसला. "म्हाताऱ्याचं थोडं कळायला लागलंय मला," तो म्हणाला. "पण त्याला सांगू नकोस."

मी सांगतेय.

गोलनूश


शिराझ, १८ ओर्दिबेहेश्त

बाबा,

तारीख सौर आहे, बघा. बाकी चुका तुम्ही काढालच.

दुपारची वेळ आहे, सगळी गल्ली झोपलीय. मामान आत पडलीय. तुम्ही अंगणात नारिंगाच्या झाडाखाली तरलानला घेऊन बसला आहात, ती मुरंब्यासाठी गळलेली फुलं वेचतेय आणि तुम्ही चाळणीतून काड्या काढताय. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तुम्हाला पत्र लिहितेय, वीस पावलांवरून. लाज वाटायला हवी. मला नाही, आपल्या दोघांना.

येऊन पाच दिवस झाले. विमानतळावरच्या पोलिसानं तो कोरा पासपोर्ट उलटून पाहिला, तरलानकडे पाहिलं, म्हणाला, "हिचा चेहरा इतका कडक का?" मी म्हटलं, "आजोबांवर गेलीय." त्यानं शिक्का मारला. एवढ्याशा शिक्क्यासाठी मी सात महिने घालवलेत, आणि तो त्यानं शेजाऱ्याशी गप्पा मारत मारला.

मामाननं दारातच तरलानचं तोंड हातात घेतलं. मग मान वळवली, थेट भिंतीकडे. तरलान हिरमुसली. "मादरजान, तू माझ्याकडे बघतच नाहीस."

"तुलाच बघतेय, बाळा," मामान म्हणाली. "समोर बघितलं की तू पुसून जातेस. कडेनं दिसतेस. तीळ आहे ना इथं, भुवईखाली? आणि दात. अगं बाई, नवा दात येतोय की!"

बाबा, तो तीळ फोनवर कधी दिसला नव्हता तिला.

तुम्ही तेव्हा मागे उभे होतात, माझी बॅग हातात घेऊन. बॅग घेतलीत, पण माझं नाव घेतलं नाहीत. पाच दिवसांत तुम्ही तरलानशी दिवसभर बोलता. तिला सकाळी नानवाईकडे रोटी आणायला नेता, पहिला तुकडा तिला तोडून देता. आयदिनचा फोन आला की "कसे आहात, रस्ते कसे आहेत" विचारता, काल तर अर्धा तास पुलांवर बोललात. आणि मला? "तरलान, तुझ्या आईला सांग, खिडकी लाव." "तरलान, तुझ्या आईला विचार, चहात साखर घालायची का." तिनं काल मला विचारलं, "मामान, तुला ऐकू येत नाही असं आगाजूनला वाटतं का?"

माझ्यावर राग धरा, बाबा, हक्क आहे तुमचा. पण एक सांगा. तुम्ही आयदिनला माफ केलंत, दफ्तराला समजावलंत, कायद्यातून आठ वर्षं मागे जाणारी वाट काढलीत. ती वाट माझ्यापर्यंत येत नाही का? मी करारात नव्हते का? मला तुमच्याशी भांडायचंय. समोरासमोर. मला तुम्हाला विचारायचंय की माझ्या लग्नाच्या दिवशी तुम्ही काय करत होतात. मामान म्हणते, तुम्ही दफ्तर बंद ठेवलं होतंत आणि कुणाला कारण सांगितलं नाहीत. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय आणि मग...

तुम्ही आत आलात. तरलानला पाणी हवं होतं. तुम्ही माठातून पाणी घेतलंत, ती पिऊन पळाली, आणि तुम्ही तिथंच उभे राहिलात.

"काय लिहितेस?"

मी इकडेतिकडे पाहिलं. तरलान नव्हती. मलाच विचारलंत.

मी म्हटलं, "पत्र."

"कुणाला?"

"तुम्हाला."

तुम्ही कागदाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, खिसे चाचपलेत. "चष्मा अंगणात राहिला," म्हणालात. मग खुर्ची ओढून समोर बसलात. "मग वाच की. बसलोय ना मी."

मी अजून लिहितेय. तुम्ही टेबलावर बोटं वाजवताय. आत्ता म्हणालात, "गोलनूश, संपव लवकर. फुलं वाळतील." नाव घेतलंत.

संपलं, बाबा. वाचते.